मशीन ओरडतं तेव्हा: विमान, रणगाडा आणि इशाऱ्यांचे आवाज

सोल्डरगन

१४ ऑगस्ट २००५. हेलिओस एअरवेजचं ७३७ विमान सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं. चढता चढता बारा हजार फुटांच्या आसपास कॉकपिटमध्ये तुटक तुटक भोंगा वाजायला लागला. वैमानिकांना तो भोंगा ओळखीचा होता. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, कमी वेगात जास्त उचल देणारे पडदे), ट्रिम, ब्रेक यांपैकी काही टेकऑफच्या स्थितीत नसेल तर जमिनीवर वाजतो तो, टेकऑफ कॉन्फिगरेशनचा. हवेत तो वाजायचं कारणच नाही. म्हणजे इशारा देणारी यंत्रणाच बिघडली, असं धरून ते कंपनीच्या लोकांशी रेडिओवर बोलत राहिले आणि विमान चढत राहिलं.

प्रत्यक्षात तो भोंगा केबिनमधल्या हवेच्या दाबाचा होता. उड्डाणाआधीच्या तपासणीत दाबाचा सिलेक्टर 'मॅन्युअल'वर नेलेला होता आणि तो तसाच राहिला होता. ७३७ मध्ये केबिनमधली हवा १०,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की भोंगा वाजतो. हा भोंगा आणि टेकऑफ कॉन्फिगरेशनचा भोंगा आवाजाने एकच. विरळ हवेत उपकरणं नीट थंड होईनात, म्हणून त्यांचेही दिवे लागले आणि वैमानिकांचं लक्ष तिकडे गेलं. थोड्याच वेळात दोघांची शुद्ध हरपली. ऑटोपायलटने विमान अथेन्सपर्यंत नेलं आणि ते ३४,००० फुटांवर घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाची एफ-१६ विमानं शेजारी येऊन पाहून गेली. इंधन संपल्यावर विमान ग्रामातिकोजवळच्या डोंगरात पडलं. १२१ जण गेले.

मी विमानांच्या वायरिंगवर काम केलेला माणूस आहे. या अपघाताबद्दल वाचताना मी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी थांबतो. ज्याने दोन इशारे एका भोंग्यावर जोडले, त्याचा तर्क बिनचूक होता. जमिनीवर केबिनच्या दाबाचा प्रश्न नाही, हवेत टेकऑफचा प्रश्न नाही. दोन्ही इशारे एका वेळी येणं शक्यच नाही, मग दुसरा भोंगा कशाला? सर्किटला यात काही संदिग्ध नाही. पण ऐकणारा माणूस आहे. आणि नेमका ज्या क्षणी त्याने तो भोंगा ओळखायचा, त्याच क्षणी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतोय. पुढे अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामकाने ७३७ मध्ये दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे बसवणं सक्तीचं केलं.

माझं म्हणणं असं की एका आवाजाला एकच अर्थ हवा, आणि तो अर्थ घाबरलेल्या, थकलेल्या, गुदमरलेल्या माणसालाही कळायला हवा. 'बझर शेवटी कुठेतरी बसवू' असं म्हणणाऱ्या डिझायनरला माझा विरोध आहे. इशाऱ्याचा आवाज ही इंजिनाइतकीच गंभीर इंजिनिअरिंगची गोष्ट आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडणाऱ्या इशाऱ्यात एकही वायर नाही. सेसना १७२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. नाक वर करत गेलं, वेग पडत गेला की पंखाभोवतीचा कमी दाबाचा पट्टा सरकून त्या भोकावर येतो आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. त्या वाटेत एक रीड बसवलेली असते, आपल्या पेटीत असते तशी. पंख हवेवरची पकड सोडण्याआधी, पाच-दहा नॉट शिल्लक असतानाच ती गळा काढायला लागते. बॅटरी गेली, जनरेटर गेला तरी ती वाजणारच, कारण धोक्याची हवाच तिला वाजवते. उड्डाणाआधी काही वैमानिक भोकावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहतात. रीड बोलली की निघायचं.

फौजी वाहनं, विमानं, कारखाने, दवाखाने, जिथे जिथे यंत्र माणसाला आवाज देतं तिथला अनुभव असलेल्यांनी लिहावं.

मेघमल्हार

हेलिओसबद्दल पहिल्यांदाच वाचलं. फार वेळ सुन्न बसले होते.

एक शंका विचारते. कामामुळे पुणे-दिल्ली विमानाने बरंच जाणं होतं. विमान गेटवरून निघताना पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा आवाज येतो. शेजारचे प्रवासी दचकतात, मीही. हाही इशाराच आहे का?

हँगरवाला

मेघमल्हार, तुम्ही बसता ते विमान ए-३२० घराण्यातलं असणार. तो इशारा नव्हे, पीटीयू आहे, पॉवर ट्रान्सफर युनिट. या विमानात हायड्रॉलिकच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात, हिरवी, पिवळी आणि निळी. हिरवीला एका इंजिनाचा पंप दाब देतो, पिवळीला दुसऱ्या. दोघींच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की पीटीयू चालू होतं आणि जिच्याकडे दाब जास्त आहे तिच्या जोरावर दुसरीला दाब देतं. फरक भरला की थांबतं, पडला की पुन्हा सुरू. त्या चालू-बंद होण्याचा तो भुंकल्यासारखा आवाज. दुसरं इंजिन सुरू होताना त्याची स्वतःची चाचणीही होते, म्हणून टॅक्सीच्या सुमारास हमखास ऐकू येतो. आम्हाला तो ऐकला की बरं वाटतं.

आता मुख्य विषय. सोल्डरगन, तुमच्या मुद्द्यात मी एक भर घालतो. आवाजाला एकच अर्थ असून भागत नाही, तो योग्य माणसाच्या कानाशी वाजला पाहिजे. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र, मायामी, ईस्टर्न ४०१. तेव्हाचं अगदी नवं लॉकहीड एल-१०११. उतरताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटवर ठेवून सगळे त्या दिव्यामागे लागले. फ्लाइट इंजिनिअर चाक खाली आलंय का ते डोळ्यांनी पाहायला खालच्या खणात उतरला. मधेच ऑटोपायलटचा उंची धरून ठेवणारा मोड सुटला, बहुधा कंट्रोल कॉलमला धक्का लागून. विमान हळूहळू खाली यायला लागलं. २५० फूट घसरल्यावर उंचीच्या इशाऱ्याची चाइम वाजली, अर्धा सेकंद. ती वाजली फ्लाइट इंजिनिअरच्या जागेजवळच्या स्पीकरमधून, आणि तो जागेवर नव्हता. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये चाइम स्वच्छ ऐकू येते, पण तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेलं. १७६ पैकी १०१ जण दगावले. खराब काय झालं होतं? दिव्याचा बल्ब.

आजच्या कॉकपिटमध्ये आवाजांची वाटणी बरीच विचारपूर्वक केलेली असते. ७३७ मध्ये आग लागली तर घंटा, मर्यादेपेक्षा वेग वाढला तर टकटक टकटक असा क्लॅकर, ऑटोपायलट सुटला तर वेलर, म्हणजे वरखाली होणारा सायरनसारखा सूर. एअरबसमध्ये लाल इशाऱ्याला सतत वाजणारी चाइम, पिवळ्याला एकदाच वाजणारी. ऑटोपायलट सुटला की घोडदळ चाल करून येतानाच्या तुतारीसारखा आवाज, आणि तो झोपेतसुद्धा ओळखू येतो.

निवृत्त फौजी

मंडळी, राम राम. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो, गाड्यांवर आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर नगरला असतो.

विमानाच्या कॉकपिटमध्ये निदान बोललेलं ऐकू येतं. रणगाड्याच्या किंवा बीएमपी या चिलखती गाडीच्या आत इंजिन, ट्रॅक आणि गिअरबॉक्स मिळून शंभर डेसिबलच्या वर गोंगाट असतो. टी-७२ रणगाड्याला बारा सिलिंडरचं ७८० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, आणि तीन माणसं लोखंडी डब्यात. तिथे भिंतीला बझर लावून कोणाला ऐकू जाणार? म्हणून जे काही कानावर घालायचं ते हेडगिअरमधून, इंटरकॉमवर. इंटरकॉम बंद पडला की माणसं शेजारी बसून बहिरी होतात. तो दुरुस्त करणाऱ्याला आम्ही फार मान द्यायचो.

शत्रूने लेझर टाकला तर ते डोळ्याला दिसत नाही. रशियनांच्या टी-९० वर श्तोरा नावाची यंत्रणा असते. टरेटवरचे सेन्सर लेझर पकडतात, आत दिवा आणि आवाज होतो, आणि यंत्रणा स्वतःच त्या दिशेला धुराचे गोळे सोडू शकते. लेझर अंगावर पडला याचा अर्थ पुढचा गोळा वाटेत आहे. इथे आवाजाचं काम माणसाला विचार करायला लावणं नाही, हलवणं आहे.

पण माझ्या मते फौजेत सगळ्यात जास्त माणसं वाचवणारा आवाज साध्या ट्रकमधला आहे. एअर ब्रेकची गाडी सकाळी सुरू केली की बझर वाजत राहतो. टाकीतला दाब साडेचार-पाच बारच्या वर गेला की थांबतो. तोपर्यंत गाडी हलवायची नाही. अडचण अशी की नव्या ड्रायव्हरला हा बझर रोज सकाळी ऐकायची सवय होते. हवा भरतेय, वाजू दे. मग घाटात एखादी नळी फुटली आणि तोच बझर वाजला, तर पहिले काही सेकंद त्याला तो सकाळचाच वाटतो. मी पोरांना एकच शिकवायचो. बझर ऐकला की कान बंद, डोळे काट्यावर. काटा वर चढतोय की खाली पडतोय ते बघा. सकाळी वाजलेल्या बझरलासुद्धा काटा बघितल्याशिवाय सोडायचं नाही. सोल्डरगन म्हणतात त्या एका आवाजाच्या दोन अर्थांची गोष्ट ही पण आहे, फक्त इथे दुसरा भोंगा बसवता येत नाही, सवयच बसवावी लागते.

आणि एक. रणक्षेत्रात रात्री ब्लॅकआउटमध्ये गाडी मागे घ्यायची तर पीं पीं चालत नाही. आवाज कित्येक मैल जातो. मागे माणूस उभा करायचा, तो हाताने किंवा झाकलेल्या टॉर्चने दाखवणार, ड्रायव्हरने त्याच्यावरची नजर काढायची नाही. तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. हा नियम शांततेतसुद्धा पाळा.

नगरला आलात तर रणगाड्यांचं संग्रहालय बघा. आतल्या जागेचा अंदाज बाहेरून बघूनसुद्धा येतो.

कट्टेकर

सगळे प्रतिसाद आवडले. पण मला उलट वाटतं. अपघात झाले कारण आवाज कमी पडले, लहान होते, अर्धा सेकंद वाजले. आज कॉम्प्युटर आहेत. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा आवाज द्या, जोरात द्या, माणूस उत्तर देईपर्यंत वाजवत ठेवा. जास्त सावध केल्याने कोणाचं काय बिघडणार आहे?

डेसिबल

कट्टेकर, हा प्रयोग होऊन गेलाय. १९६० आणि ७० च्या दशकांत विमानांत तेच केलं होतं, आणि त्याचा हिशेब रॉय पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९८२ साली ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरणासाठी मांडला. मी ध्वनीच्या क्षेत्रात काम करते, आमच्याकडे आजही त्या कामाचा आधार घेतला जातो.

त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा. इशारे फार आहेत, फार मोठे आहेत आणि फार अचानक सुरू होतात. मोठा आवाज एकदम कानावर आदळला की माणूस आधी दचकतो, मग तो बंद कसा करायचा ते शोधतो, आणि कारण शोधणं तिसऱ्या क्रमांकावर जातं. शिवाय तो चालू असताना सहवैमानिकाशी बोलता येत नाही, आणि संकटात बोलणं हेच पहिलं हत्यार असतं. त्याने सुचवलं की त्या जागेच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येईल त्या पातळीच्या १५ ते २५ डेसिबल वर इशारा ठेवा. त्याखाली तो हुकेल, त्यावर तो छळेल. आवाज एकदम न सुरू करता काही मिलिसेकंदांत चढवा. मधे मोकळी जागा सोडा, म्हणजे माणसं बोलू शकतील. आणि तातडीच्या वेगळ्या आवाजांची संख्या हाताच्या बोटांवर ठेवा, कारण ताणाखाली माणसाला त्याहून जास्त आवाज ओळखता येत नाहीत.

फौजी काकांनी रिव्हर्सच्या पीं पींचा विषय काढला म्हणून सांगते. गाडी मागे घेताना वाजणारा बीपर जपानमध्ये मात्सुसाबुरो यामागुची यांनी शोधला आणि १९६३ मध्ये तो बाजारात आला. त्याने असंख्य माणसं वाचवली असतील. पण त्याचा सूर साधारण १,००० हर्ट्झचा, एकाच कंपनांकाचा असतो, आणि त्यात एक दोष आहे. आवाज कुठून आला हे आपला मेंदू दोन गोष्टींवरून ओळखतो. खालच्या सुरांत तो दोन कानांमधला वेळेचा फरक मोजतो, वरच्या सुरांत डोक्याच्या सावलीमुळे पडणारा जोराचा फरक. मधल्या पट्ट्यात, साधारण एक ते तीन हजार हर्ट्झमध्ये, दोन्ही तंत्रं लंगडी पडतात. आणि सूर जितका शुद्ध तितका भिंतींवरून परतलेला आवाज आणि मूळ आवाज यांची सरमिसळ जास्त. म्हणून बांधकामाच्या जागी चार डंपर पीं पीं करत असले की नेमका कोणता आपल्याकडे येतोय ते कळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे श्श श्श असा, अनेक कंपनांक एकत्र असलेला आवाज. युरोपात ट्रकवर आणि बंदरांत तो आता बराच दिसतो. कानाला दोन्ही खुणा एकदम मिळतात, दिशा लगेच कळते, आणि लांब गेल्यावर तो विरून जातो, त्यामुळे दोन गल्ल्या सोडून झोपलेल्या बाळाला त्रास होत नाही. आपल्याकडे रिव्हर्सला सिनेमातल्या गाण्यांच्या धून लावतात, त्यावर तर बंदीच हवी असं माझं ठाम मत आहे. धून ऐकून माणूस बाजूला होत नाही.

सोल्डरगन

डेसिबल ताई, मनापासून आभार. धागा काढला तो यासाठीच.

कट्टेकर, 'उत्तर देईपर्यंत वाजवत ठेवा' याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण एअर फ्रान्स ४४७ आहे. १ जून २००९, रिओहून पॅरिसला जाणारं ए-३३०. अटलांटिकवर ढगांत वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे स्फटिक अडकले, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला. वैमानिकाने नाक वर ओढलं आणि बहुतेक वेळ ओढूनच ठेवलं. पंखांनी हवेवरची पकड सोडली. इशारा वाजला. एका टप्प्यात तो सलग ५४ सेकंद वाजत होता, आणि एकूण पंचाहत्तर वेळा 'स्टॉल' हा शब्द उच्चारला गेला. रेकॉर्डिंगमध्ये त्यावर कोणीही काही बोलत नाही. त्या गडबडीत कानाने तो बाजूला काढला होता.

याहून वाईट भाग पुढे आहे. पंख किती कोनात हवेला भिडतोय हे मोजणाऱ्या पात्यांवर ६० नॉटच्या खाली विश्वास ठेवायचा नाही, असं संगणकाला शिकवलेलं होतं. एरवी शहाणपणाचा नियम, कारण इतक्या कमी वेगाला पातं नुसतं लोंबकळतं. पण या विमानाचं नाक इतकं वर आणि पडणं इतकं उभं होतं की मोजलेला वेग ६० च्या खाली गेला. संगणक म्हणाला, माहिती अवैध. इशारा बंद. वैमानिकाने नाक थोडं खाली केलं, म्हणजे जे करायला हवं होतं तेच केलं, की वेग ६० च्या वर यायचा आणि इशारा पुन्हा सुरू व्हायचा. नाक वर ओढलं की शांतता. बरोबर कृतीला ओरड आणि चुकीच्या कृतीला शाबासकी. काळोख्या रात्री, क्षितिज दिसत नसताना, माणसाने कशावर भरवसा ठेवायचा? २२८ माणसं होती.

म्हणून माझं मत मी आणखी पुढे नेतो. इशारा कधी सुरू होतो याच्याइतकंच तो कधी थांबतो हे डिझाइन केलं पाहिजे. थांबलेला इशारा माणूस 'आता ठीक आहे' असाच वाचतो.

कट्टेकर

पटलं. थांबण्याबद्दल कधी विचारच केला नव्हता. वाचतोय.

सोलापूरची सिस्टर

आयसीयूमध्ये काम करते. तुम्ही लिहिलंय ते आम्ही रोज ऐकतो. मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर, प्रत्येकाचा बीप वेगळा आणि बहुतेक बीप कारणाशिवाय. पेशंटने हात हलवला, बोटावरचा क्लिप सरकला की अलार्म. ड्युटी संपून घरी आल्यावर मिक्सर थांबला तरी कानात तेच वाजत असतं. तरी व्हेंटिलेटरची नळी सुटल्याचा आवाज आम्ही सगळ्याजणी चहाच्या खोलीतूनसुद्धा ओळखतो आणि धावतो. डेसिबल ताई, तुमच्यासारख्या लोकांनी एकदा आमच्या वॉर्डात रात्र काढावी अशी कळकळीची विनंती.

डेसिबल

सिस्टर, नक्की येईन. व्यनि करते.

मेघमल्हार

मग यंत्राने सरळ बोलूनच का सांगू नये? 'हवेचा दाब गेला, मास्क लावा.' हेलिओसमध्ये एवढं एक वाक्य पुरलं असतं ना?

हँगरवाला

बरोबर बोललात, आणि जिथे वेळ सगळ्यात कमी आहे तिथे विमान बोलतंच. डॉन बेटमन हे कॅनडात जन्मलेले इंजिनिअर, २०२३ मध्ये वारले. हल्ली इंजिनिअरिंगच्या मुलांना त्यांचं नाव ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं. धडधाकट विमान वैमानिकाच्या नकळत डोंगरात जाणं हे त्या काळी प्रवासी मरण्याचं मोठं कारण होतं. बेटमननी रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे रेडिओलहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारं उपकरण, वापरून जमीन किती वेगाने जवळ येतेय हे मोजणारी पेटी बनवली. तीच 'पुल अप' म्हणून ओरडते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए ५१४ वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण गेले, आणि त्याच महिन्यात एफएएने ती पेटी सक्तीची करायचा निर्णय घेतला. तिचा दोष असा की ती खाली बघायची, पुढे नाही. समोर सरळ कडा उभा राहिला तर ओरडायला उशीर व्हायचा. १९९० च्या दशकात बेटमन यांच्या गटाने जगभरच्या जमिनीच्या उंचीचा नकाशाच पेटीत भरला. त्यासाठी सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथला नकाशांचा साठा विकत घेतला होता. आज सह्याद्रीवरून पुण्यात उतरणाऱ्या प्रवासी विमानातही हा नकाशा असतो.

दुसरं बोलणारं यंत्र टीकॅस, विमानांची टक्कर टाळणारं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी जंबो आणि कझाक इल्युशिन आमनेसामने धडकले, ३४९ जण गेले. त्यानंतर भारताने आपल्या हवेत ही यंत्रणा सक्तीची केली. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवून एकाला 'क्लाइंब' आणि दुसऱ्याला 'डिसेंड' सांगतात.

पण बोलण्यालाही धोका आहे. १ जुलै २००२, जर्मनीत युबरलिंगेनवर टीकॅस रशियन तुपोलेवला 'चढ' सांगत होतं आणि जमिनीवरचा कंट्रोलर 'उतर'. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या मालवाहू ७५७ ने यंत्राचं ऐकलं. दोघे खाली आले. ७१ जण गेले, त्यात शाळकरी मुलं बरीच होती. त्यानंतर जगभर नि:संदिग्ध नियम झाला की टीकॅसने सांगितलं असेल तर कंट्रोलरचं ऐकायचं नाही.

निवृत्त फौजी

लढाऊ विमानातसुद्धा बाईचा आवाज असतो म्हणतात. हवाई दलातले मित्र सांगायचे.

सोल्डरगन

हो काका. अमेरिकेच्या बी-५८ बॉम्बरपासून ही पद्धत आली. एफ/ए-१८ मधला आवाज लेस्ली शूक यांचा, त्या बोईंगमध्येच नोकरीला होत्या आणि २०१६ मध्ये निवृत्त झाल्या. रशियन विमानांत आरआय-६५ नावाचं बोलणारं यंत्र असायचं, वैमानिक त्याला 'रीता' म्हणत.

पण लढाऊ विमानातला मला भावलेला आवाज बोलत नाही, गुरगुरतो. साइडवाइंडरसारख्या उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राच्या डोक्यात नक्षी कोरलेली एक चकती असते. ती समोरून येणारे अवरक्त किरण कापत जाते, त्यामुळे सेन्सरमधून चढउतार असलेला विद्युत संकेत निघतो, आणि तो ऐकू येईल अशा पट्ट्यातच असतो. तोच मोठा करून वैमानिकाच्या कानात सोडतात. समोर शत्रूच्या इंजिनाची झळ दिसली की गुरगुर चढते, निसटली की मरते. साइडवाइंडरवरून सोव्हिएतांनी के-१३ बनवलं, आणि ते १९७१ च्या युद्धात आपल्या मिग-२१ वर होतं. ती विमानं ओझरच्या कारखान्यात बनायची. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं.

इथे कोणी 'इशारा' डिझाइन केलेला नाही. सेन्सरला जे दिसतं तेच कानाला ऐकवलंय, अर्धवट दिसलं तर अर्धवट, म्हणून माणूस सूक्ष्म फरकसुद्धा ऐकू शकतो. सेसनाची रीड याच जातीची. हो-नाही इतकंच सांगणाऱ्या बीपपेक्षा किती ते सांगणारा आवाज माणसाला जास्त विश्वासाचा वाटतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वाहनांच्या डिझायनरांनी हे उचलावं. पार्किंग सेन्सर हे थोडंफार करतो, भिंत जवळ आली की टिक टिक दाटत जाते, आणि म्हणूनच ती कोणाला शिकवावी लागत नाही.

रविवारचा चालक

गाडीवरून आठवलं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत वेगाचा इशारा सक्तीचा झाला, ८० नंतर अधूनमधून आणि १२० नंतर सलग. सीटबेल्टचाही. तरी लोक बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवून बीप बंद करायचे, आणि त्या क्लिपा ऑनलाइन राजरोस मिळायच्या. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या विक्रीतून काढायला लावल्या. गप्प करायला बेल्ट लावण्याइतकेच श्रम लागतात, तरी माणूस क्लिप लावतो. याचा मला खरंच राग येतो.

आयटीआय फिटर

सर, सगळा धागा दोनदा वाचला. मी आयटीआय करतोय, पुढे विमान देखभालीकडे जायचंय. हे सगळं डिझाइन करणाऱ्यांचं झालं. पाना हातात असणाऱ्याने इशाऱ्यांच्या बाबतीत काय सांभाळायचं?

हँगरवाला

मित्रा, तुझ्या प्रश्नासाठी थोडं सविस्तर लिहितो.

१६ ऑगस्ट १९८७, डेट्रॉइट, नॉर्थवेस्ट २५५, एमडी-८२. वैमानिकांनी फ्लॅप बाहेर काढले नव्हते. टेकऑफचा भोंगा वाजायला हवा होता, वाजला नाही, कारण त्या यंत्रणेला वीजच पोचत नव्हती. विमानातले एक चार वर्षांची मुलगी सोडून सगळे गेले, १५४ जण, आणि जमिनीवरचे दोघे.

२० ऑगस्ट २००८, माद्रिद, स्पॅनएअर ५०२२. पुन्हा एमडी-८२, पुन्हा फ्लॅप आत, पुन्हा भोंगा गप्प. १५४ जण गेले, १८ वाचले. इथे आपल्या कामाची गोष्ट आहे. विमान आधी एकदा धावपट्टीवरून परत आलं होतं. बाहेरचं तापमान मोजणारा प्रोब जमिनीवर उभं असतानाच गरम होत होता. तो गरम करणारा हीटर फक्त हवेत चालू व्हायला हवा. मेकॅनिकांनी नियमपुस्तकात बघितलं, त्या मार्गावर बर्फाचा धोका नव्हता, म्हणून हीटरचा सर्किट ब्रेकर ओढून विमान सोडलं. परवानगीत बसणारं काम होतं. पण हीटर जमिनीवर का चालू झाला, हा प्रश्न राहिला. विमान जमिनीवर आहे की हवेत हे त्या हीटरला एक रिले (विजेने चालणारा स्विच) सांगतो, आर२-५. तोच रिले टेकऑफच्या भोंग्यालाही सांगतो. रिले 'आपण हवेत आहोत' म्हणत असेल तर हीटर चालू आणि भोंगा गप्प. स्पेनच्या तपास आयोगाला भोंगा गप्प का राहिला याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही, पण ती शक्यता अहवालात सविस्तर तपासलेली आहे.

तेव्हा पाना धरणाऱ्याने तीन गोष्टी हाडात मुरवायच्या. ब्रेकर ओढलास तर त्याला टॅग लाव आणि लॉगबुकात लिही, शिफ्ट बदलताना तोंडानेही सांग. लक्षण बंद करायच्या आधी वायरिंग डायग्राम उघड आणि त्याच रिलेवर, त्याच ब्रेकरवर आणखी काय जोडलंय ते बघ. आणि इशाऱ्याची यंत्रणा 'चालू असेल' असं धरू नकोस, वाजवून बघ. इंजिन बंद, फ्लॅप आत, थ्रॉटल पुढे ढकल, भोंगा वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर विमान सुटणार नाही, मग गेटवर कोणी कितीही आरडाओरडा करो.

आयटीआय फिटर

सर, वहीत लिहून घेतलं. लायसन्स बी१ चं घेऊ की बी२ चं?

हँगरवाला

इंजिन, हायड्रॉलिक, लँडिंग गिअर यांत हात काळे करायला आवडत असतील तर बी१. या धाग्यातल्या गोष्टींनी झोप उडाली असेल तर बी२, ती एव्हिऑनिक्सची. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या हवाई नियामकाच्या, परीक्षेत मॉड्यूल ९ ह्यूमन फॅक्टर्सचं आहे. मुलं ते सोपं म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकतात. तू ते आधी वाच. वायरिंग डायग्राम वाचायला अडलं तर सोल्डरगन आहेतच.

सोल्डरगन

आहे. डायग्रामचा फोटो टाकत जा, इथेच सोडवू. सुरुवात जमीन-हवा रिलेपासून करू. लँडिंग गिअरचा स्विच दबला की कोणत्या कोणत्या यंत्रणांना ते कळतं, याची यादी आधी तू तुझ्या डोक्याने कर आणि टाक.